आजोबांची तीन सेलची बॅटरी एलईडी करून घेतली: कशाला पैसे घालायचे, कशाला नाही

आधीच सांगून ठेवतो, आमच्या जुन्नर साईडला टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल म्हणतात, त्यामुळे खाली बॅटरी-बॅटरी वाचून गोंधळू नका. "बॅटरी मार" म्हणजे उजेड पाड. विजेरी हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलाय, तोंडाने कुणी म्हणलेला ऐकला नाही.

तर बॅटरी आजोबांची. तीन मोठ्या सेलची, पितळेची, वरून चकचकीत पॉलिश होतं ते आता निम्म्यावर उडालंय. त्या काळात कुणाकडे एव्हरेडीची जीवन साथी, कुणाकडे जीप कंपनीची, आमच्या बॅटरीवरचं नाव हातानं घासून घासून पार गेलंय त्यामुळे कंपनी कुठली ते विचारू नका. डोकं फिरवलं की फोकस लहान-मोठा होतो, मागच्या झाकणात जादा बल्ब ठेवायला खोबण आहे, आणि पुढे खरी काच आहे, प्लॅस्टिक नाही. आजोबा रात्री पाणी भरायला जाताना हीच घेऊन जायचे. आता अण्णा जातात (वडील). शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको, आणि आमच्याकडे ऊस म्हणजे बिबट्या, बांध म्हणजे घोणस. त्यामुळे बॅटरी ही हौसेची वस्तू नाही.

मधे काही वर्षं अण्णा ती प्लॅस्टिकची, भिंतीला पिन खोचून चार्ज होणारी वापरत होते. अडीचशे-तीनशेला मिळते बघा कुठल्याही मोबाईलच्या दुकानात. पहिला सीझन झकास, दुसऱ्या सीझनला अर्धा तास, तिसऱ्याला विहिरीपर्यंत जाऊन येईपर्यंत मिणमिण. आत बारकी लेड-ॲसिड बॅटरी असते, ती उतरलेली तशीच दोन-चार महिने पडून राहिली की मेली, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती पडूनच राहते. तीन झाल्या अशा. चौथी आणायच्या ऐवजी माळ्यावरची आजोबांची काढू म्हणलं.

काढली तर सेल आतच फुटलेले. म्हणजे किती वर्षांपूर्वीचे देव जाणे. साध्या सेलचं बाहेरचं भांडंच जस्ताचं असतं आणि सेल वापरला जाईल तसं ते जस्तच खाल्लं जातं, मग भोक पडून आतली चिकट घाण बाहेर येते आणि नळीला घट्ट धरून बसते. इथे एक गोष्ट नीट ऐका कारण सगळीकडे उलटं सांगतात. लिंबू, व्हिनेगर लावायचं असतं ते अल्कलाईन सेल फुटला असेल तर, कारण त्याची घाण अल्कली. साध्या लाल-निळ्या झिंक कार्बन सेलची घाण आम्लाकडे झुकणारी असते, तिला खायचा सोडा लागतो. मी आधी युट्युब बघून लिंबू चोळत बसलो, अर्धा डझन लिंबं संपली, आईच्या शिव्या खाल्ल्या, काही झालं नाही. मग कोमट पाण्यात सोडा, रात्रभर नळी उभी करून ठेवली, सकाळी लाकडी दांडक्याने मागनं ठोकलं तर तिन्ही सेल एकाला एक चिकटून खाली आले. मागच्या झाकणातली स्प्रिंग गंजून भुगा झालेली. पण झाकणाच्या खोबणीत कागदात गुंडाळलेला आजोबांचा जादा बल्ब तसाच होता, न वापरलेला. कागद म्हणजे दिनदर्शिकेचा कपटा, त्यावर अर्धवट एकादशी दिसत होती.

नवीन स्प्रिंग पुण्यात बोहरी आळीत मिळाली, दहा रुपयाला दोन. नळीला आतून काचपेपर मारला, बाहेर पितळ उघडं पडलंय तिथे आईनं पितांबरी लावून घासलं, चांगली दिसते आता.

आता मुद्द्याचं. नवीन साधे सेल घातले आणि तोच जुना बल्ब लावला तर उजेड एकदम मरका. वाटलं बल्बच जुना. म्हणून मल्टिमीटर लावून बघितलं. तीन सेलचे मिळून साडेचार व्होल्ट आणि बल्बच्या टोकाला येत होते जेमतेम तीन. मधले दीड व्होल्ट गेले कुठं? तर स्विचमध्ये. या जुन्या बॅटऱ्यांमध्ये स्विच म्हणजे पितळेची एक पट्टी असते, बटण पुढं सरकवलं की ती पट्टी पुढच्या रिंगला टेकते, बास. ती पट्टी काळी पडलेली, रिंग हिरवी पडलेली, झाकणाच्या आट्यांमध्ये घाण. सगळं खरडून, पट्टी जरा वाकवून ताण वाढवून, आट्यांना बोटभर व्हॅसलीन लावून परत मोजलं तर चार पॉइंट दोन. आणि तोच जुना बल्ब असा पेटला की अण्णा म्हणाले, "झाली की रे, आता अजून काय करायचंय हिला?"

खरं सांगायचं तर तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. हे मुद्दाम लिहितोय कारण लोक आधी एलईडी मागवतात आणि मग तो पण मिणमिणला की एलईडीला शिव्या देतात. आधी स्विच आणि आटे साफ करा, एक पैसा लागत नाही.

पण बल्बची अडचण काय आहे की तो ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअरचा, म्हणजे एका वॅटच्या थोडं वर वीज खाणार आणि त्यातली बहुतेक उष्णता करून टाकणार, उजेड पडतो साधारण दहा-पंधरा लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). एवढ्याच विजेत आजचा चांगला एलईडी शंभराच्या वर देतो. त्यात दर दहा-बारा रात्रींना तीन सेल बदलायचे. मग मी कामाला लागलो.

पहिली वस्तू घेतली ती ऑनलाईन मिळणारा तयार एलईडी बल्ब, जुन्या बल्बच्या जागी सरळ आट्यांनी बसतो तो. १९० रुपये. पाकिटावर लिहिलं होतं तीनशे लुमेन आणि तीन ते अठरा व्होल्ट चालतो. कुठल्या विक्रेत्याचा ते सांगत नाही, सगळे एकसारखेच विकतात. बसवायला एक मिनिट. पेटवला आणि भिंतीवर मारला तर मधे काळा गोल डाग आणि बाजूनं पसरट निळसर उजेड. डोकं फिरवून फिरवून दमलो, डाग लहान होतो पण जात नाही.

असं का होतं ते कळायला मला दोन दिवस लागले, तुम्हाला दोन ओळीत सांगतो. जुन्या बल्बची तार उजेड सगळीकडे फेकते, पुढं, मागं, बाजूला, आणि रिफ्लेक्टरची वाटी त्या तारेच्या बरोबर जागेसाठी घडवलेली असते, बाजूला गेलेला उजेड गोळा करून ती एका झोतात पुढं पाठवते. एलईडी मात्र फक्त तोंडासमोर उजेड टाकतो. तयार बल्बात तो एलईडी बसवलेला असतो काचेच्या गोळ्याच्या टोकाला, म्हणजे तारेच्या जागेपेक्षा चार-पाच मिलिमीटर पुढं. निम्मा उजेड वाटीला न लागताच बाहेर. त्यामुळे लुमेन कितीही असू देत, लांब काही जात नाही. अंगणात छान, उसात शून्य. अण्णांनी एक रात्र नेली आणि सकाळी टेबलावर ठेवत म्हणाले, "ही काय ट्यूबलाईट हाय का? जवळचं सगळं दिसतं आन् लांबचं काय बी नाय." याच्यापेक्षा नेमका रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही. पाचापैकी दीड, तो पण बसवायला सोपा म्हणून. लाईट गेल्यावर स्वयंपाकघरात ओट्यावर उभी करून ठेवायला मात्र असाच पसरट उजेड बरा, त्या कामाला घेणार असाल तर घ्या.

मग तपकीर गल्ली. पुण्याबाहेरच्यांसाठी: दगडूशेठच्या जवळ, बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिकचं जे काही सुटं मिळतं ते इथं. मुंबईवाल्यांची लॅमिंग्टन रोड तशी पुणेकरांची ही गल्ली, फक्त रुंदी एक दशांश. गाडी घेऊन जाऊ नका, मंडईच्या पार्किंगला लावा आणि चालत या, आणि चतुर्थी असेल तर येऊच नका. पहिल्या दोन दुकानांत मला एलईडी म्हणल्यावर माळेतले दिवे दाखवायला लागले. तिसऱ्या दुकानात काउंटरवर एक काका होते, मी खिशातनं जुना बल्ब काढून दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "आट्यांचा आहे ना? म्हणजे एलईडी खांबावर बसवायला लागेल तुम्हाला. सोल्डरिंग येतं का?" म्हणलं येतं थोडं. "थोडं म्हणजे रेडिओ एवढं का मोबाईल एवढं?" म्हणलं रेडिओ एवढं. "मग जमेल."

त्यांच्याकडून घेतलं ते असं. क्री कंपनीचा एक्सपी-जी२ एलईडी, नखाएवढ्या गोल प्लेटवर बसवलेला, पांढरा-पिवळसर छटेचा, दूधपांढरा नाही. काकांनी निळसर पुढं केला होता, म्हणाले हा जास्त उजळ दिसतो. मी हट्टानं दुसरा मागितला, का ते खाली सांगतो. सोबत ७१३५ नावाची चिप, तीन पायांची, बारकी, चार रुपयाचा कढीपत्ता असावा तशी फुकटात दिल्यासारखी दिली. ती एलईडीला ३५० मिलिअँपिअरच्या वर जाऊच देत नाही, सेल नवे असोत की जुने. ही चिप टाळू नका. साध्या सेलमध्ये स्वतःचाच रोध भरपूर असतो म्हणून एलईडी सरळ जोडला तरी बऱ्याचदा तग धरतो, पण चार्जिंगचे सेल एकदम जोरात करंट सोडतात आणि मधे काही नसेल तर एलईडी काळा-निळा पडतो. दुकानाबद्दल म्हणाल तर माणूस जाणकार, एलईडी पेटवून दाखवला, घाई केली नाही. बिल मागितल्यावर कागदाच्या चिठोरीवर आकडा लिहून दिला तेवढं एक. सगळं मिळून २६० रुपये.

बसवण्याची कथा मात्र काकांनी सांगितली त्याच्या चौपट निघाली. मेलेल्या बल्बची काच फोडून नुसतं पितळी बूड ठेवायचं, त्यात तांब्याच्या जाड तारेचा तुकडा उभा करायचा आणि त्याच्या डोक्यावर एलईडीची प्लेट. उंची महत्त्वाची. जुन्या बल्बची तार बुडापासून किती वर आहे ते फूटपट्टीनं मोजलं आणि एलईडी बरोबर तितकाच वर बसवला. प्लेट रिफ्लेक्टरच्या भोकातनं जाईना, म्हणून ती कानशीनं घासून बारीक केली. घासताना कडेचा पॉझिटिव्हचा पट्टा उघडा पडला ते माझ्या लक्षात आलं नाही. रिफ्लेक्टर निगेटिव्हला जोडलेला असतो. बटण दाबलं, चिपमधनं बारीक धूर आला, उदबत्तीसारखा, आणि संपलं. परत तपकीर गल्ली, परत काका, "रेडिओ एवढं येतं म्हणाला होता ना?" दुसऱ्या वेळी कडेनं उष्णता सोसणारी पिवळी टेप गुंडाळली. मग पेटला.

आणि काय पेटला राव. आधीच्या सारखाच झोत, मधे घट्ट, कडेला मंद, फक्त पाच-सहा पट. आमच्या विहिरीवर उभं राहून पलीकडच्या बांधावरचा आंबा, मोजून एकशे तीस पावलं, त्याच्या फांद्या वेगळ्या दिसतात. जुन्या बल्बानं तिथं काहीतरी झाड आहे एवढंच कळायचं. तीनशे लुमेन लिहिलेल्या तयार बल्बानं तेवढंही कळत नव्हतं. मोठ्या वाटीचा आणि खऱ्या काचेचा हा फायदा, आजकालच्या बोटाएवढ्या टॉर्चला एवढी वाटीच नसते.

छटेचं आता. निळसर उजेडात सुकलेला पाचोळा, माती आणि घोणस तिन्ही राखाडी दिसतात. पिवळसर आणि रंग खरे दाखवणाऱ्या एलईडीत तपकिरी रंगाच्या छटा वेगळ्या होतात, घोणशीच्या पाठीवरचे गोल ठिपके उठून दिसतात. ही माझी फुशारकी नाही, अण्णांनी दुसऱ्याच आठवड्यात पाटाच्या कडेला बघितली, दोन-तीन हात अंतरावरनं, आणि थांबले. उजळपणापेक्षा हे मोठं काम झालं असं मला वाटतं. दुकानात "जास्त पांढरा म्हणजे जास्त चांगला" हा समज आहे तो काही केल्या जात नाही.

सेलवर येतो, कारण खरा वाद घरात तिथंच झाला.

मोठ्या साईजचे चार्जिंगचे सेल बाजारात मिळतात पण त्यात फसवाफसवी फार. बाहेरनं मोठा डबा, आत पेन्सिल सेलएवढाच माल. मी दोन आणले होते, हातात घेतले तर खेळण्यातले वाटले, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले तर साठ ग्रॅम पण नाहीत. खऱ्या दहा हजार एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) मोठ्या सेलचं वजन दीडशे ग्रॅमच्या पुढं असतं. वजन हीच परीक्षा, आकडे वाचू नका. परत केले, पैसे मिळायला तीन आठवडे आणि सात फोन लागले.

मग केलं ते असं, चांगले पेन्सिल सेल आणि ते मोठ्या सेलच्या जागी बसवणारे प्लॅस्टिकचे डबे. डबे तीन मिळून १५० ला आले. सेल एनेलूप घेतले, चारचा सेट, हजाराच्या वर गेले, अण्णांना किंमत सांगितली नाही, अजून नाही सांगितली. हे निकेल मेटल हायड्राइड प्रकारातले. सॅन्योनं २००५ मध्ये काढले, आता पॅनासॉनिककडे आहेत. यांचं वैशिष्ट्य म्हणजे चार्ज करून ठेवून दिले तरी वर्षभरानंतरही बराचसा चार्ज शिल्लक राहतो. पूर्वीचे चार्जिंगचे सेल दोन-तीन महिन्यात बसल्या जागी उतरायचे, त्यामुळेच आपल्याकडे लोकांचा चार्जिंगच्या सेलवरचा विश्वास उडाला. प्रत्येकाची क्षमता दोन हजार एमएएचच्या आसपास, चिप खाते ३५०, म्हणजे हिशोबाने साडेपाच तास. अण्णांची रात्र दोन तासांची, मधे मधे बंद करून. एका चार्जमध्ये तीन-चार रात्री आरामात निघतात.

डब्यांचं रेटिंग द्यायचं तर पाचापैकी तीन. सेल आत खुळखुळतो, चालताना उजेड लुकलुकायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आतनं गुंडाळली, थांबलं. दुसरी तक्रार अण्णांची, बॅटरी हलकी झाली. "हातात काय वजनच नाय राहिलं, कुत्रं आलं अंगावर तर उगारायची कशी?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चार्जर घेताना मी जी चूक केली ती करू नका. स्वस्तातला चार्जर सेल जोडीनंच चार्ज करतो, दोन नाहीतर चार. आपली बॅटरी तीन सेलची! मग चौथा सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला, आणि बॅटरी चार्जला लावायची वेळ आली की घड्याळ बंद. आई महिनाभर सकाळच्या चहाची वेळ मोबाईलवर बघत होती. शिवाय घड्याळातला सेल निम्मा भरलेला आणि बॅटरीतला रिकामा, दोघांना एकत्र सारखा वेळ चार्ज केला की एक जास्त भरून तापतो आणि दुसरा अर्धपोटी. मग तोच अर्धपोटी सेल बाकी दोघांबरोबर बॅटरीत बसला की तो आधी उतरतो आणि उरलेले दोघं त्याला उलटा चार्ज करतात, त्यात सेल खराब होतो. प्रत्येक सेल वेगळा बघणारा चार्जर घ्या, सातशे-आठशेला येतो, तिथं काटकसर नको.

आता लिथियमवाले म्हणतील की १८६५० का नाही टाकला. टाकला होता ना. लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तो सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, एकट्याचे ३.७ व्होल्ट, म्हणजे एकच पुरतो. वायरिंगच्या पाईपात सेल बसवला, उरलेल्या जागेत दांडी आणि बोल्ट घालून ठोकळा केला. दोन जादा चिप जोडून करंट तिप्पट केला तर उजेड डोळे दिपवणारा, पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. पण दहा मिनिटात डोकं गरम, कारण एलईडीची उष्णता त्या तारेच्या खांबातनं जाणार किती. आणि खरेदीत इथंही तेच, ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सर्रास विकतात, चांगल्या कंपन्यांचे साधारण ३५०० च्या आसपास असतात, यावरनं काय ते समजून घ्या.

तरी मी तो काढून टाकला तो गरम होतो म्हणून नाही. एका रात्री अण्णा निघाले, सेल उतरलेला, चार्जर पुण्यात माझ्या बॅगेत. गावातल्या दुकानात त्या साईजचा सेल मिळत नाही, आणि मिळाला असता तरी लाल सेलच्या रांगेत तो कुणी ओळखला नसता. शिवाय संरक्षक सर्किटवाला सेल उतरताना सांगत नाही, चालू असतो आणि एकदम गच्च अंधार, उसाच्या मधोमध. पेन्सिल सेल आणि ७१३५ च्या जोडीत उजेड शेवटी शेवटी हळूहळू मंद होत जातो, घराकडे वळायला वेळ मिळतो. आणि खरी गोष्ट ही की त्याच बॅटरीत डबे काढून दुकानातले साधे तीन मोठे सेल घातले तरी ती तशीच पेटते, साडेचार व्होल्ट चिपला चालतात, उजेडही तितकाच. घरातल्या कुणीही, कुठलेही मोठे सेल घालावेत आणि बटण दाबावं. बॅटरी अशी पाहिजे. आजोबांची तशीच होती, ते मी माझ्या हौसेत मोडायला निघालो होतो.

एकच पथ्य राहिलं, बल्बला सेल उलटे घातले तरी चालायचं, एलईडीला चालत नाही, चिप जाते. झाकणाच्या आत मार्करनं लिहून ठेवलंय, "टोक काचेकडं".

एकूण खर्च म्हणाल तर जळालेली चिप, एलईडी, फुकट गेलेला तयार बल्ब आणि चार्जर धरून अडीच हजाराला टेकला. म्हणजे तेवढ्यात बऱ्या कंपनीची नवीन रिचार्जेबल टॉर्च वॉरंटीसकट येते, हे सरळ सांगतो. तुमच्याकडची जुनी बॅटरी पत्र्याची असेल, वाटी प्लॅस्टिकची असेल, तर नवीनच घ्या, काही गंमत नाही त्यात. पितळेची आणि काचेची असेल, फोकस फिरत असेल, तर करा. माझ्यासारखं दोन्ही बाजूंनी न भटकता सरळ गेलात तर चार्जर सोडून पंधराशेत होईल. सोल्डरिंग येत नसेल तर नुसती साफसफाई करून जुनाच बल्ब ठेवा आणि डब्यातले चार्जिंगचे सेल घाला, पिवळा उजेड पडेल पण सेलचा खर्च तरी वाचेल. फक्त एक, तीन चार्जिंगचे सेल मिळून ३.६ व्होल्टच होतात, त्यामुळे ३.८ चा बल्ब किंचित मंद पेटतो.

पावसाचं अजून जमलेलं नाही. काचेखालची मूळ रबरी रिंग कडक होऊन तुटली, प्लंबरकडची एक बसवली ती जरा जाड होते, डोकं पूर्ण आवळत नाही आणि फोकस अर्ध्या आट्यावर अडकतो. श्रावणात एकदा आत वाफ धरली होती. साईजची रिंग सापडली तर घेतो.

आजोबांचा तो जादा बल्ब परत त्याच कपट्यात गुंडाळून झाकणात ठेवलाय. आणि अण्णांनी गावभर सांगितल्यामुळे शेजारचे तात्या काल त्यांची दोन सेलची घेऊन आले, आत सेल फुटलेले, म्हणाले लिंबू लावून बघितलं, काही होईना. सोड्याच्या पाण्यात उभी करून ठेवलीय, अजून हलले नाहीत.